पाठीकडून कापलेले ड्रेस

नाताळनंतरचा सेल संपायला तीन दिवस उरले होते. गुरुवारी सकाळी स्तेफानिया बोइको खाजगी तपास करणाऱ्या रुना ग्रिमसनच्या ऑफिसात आल्या, तेव्हा कॅनडातल्या विनिपेगमध्ये तापमान उणे एकतीस होतं. त्यांनी कोट काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि पिशवीतून पातळ कागदाचं एक पुडकं काढून टेबलावर सोडलं.

आत जांभळ्या लोकरीचा ड्रेस होता. समोर गळ्यापासून कमरेपर्यंत बटणं, मोठं माप, किमतीची चिठ्ठी तशीच लटकलेली.

"छान आहे," एल्मर पेनर म्हणाला. एल्मर हा रुनाचा सोबती. पूर्वी शाळेची बस चालवायचा, आता रुनाची गाडी चालवतो आणि मनात येईल ते बोलतो.

"उलटा करा," बोइकोबाई म्हणाल्या.

पाठीमागे ड्रेस मानेपासून खालच्या काठापर्यंत उभा कापलेला होता.

"आठवड्यातला हा तिसरा. डनफील्ड दुकानाच्या तळघरातल्या शिवणखोलीत मी एकतीस वर्षं आहे. गिऱ्हाईकं परत करतात ते कपडे वर काउंटरवर लिगाया तपासून घेते. चुरगळलेले असले तर माझ्याकडे इस्त्रीला येतात. सकाळी चाकांच्या गाड्यावर टांगून परत सेलमध्ये जातात. हे तिन्ही तसेच गेले. नेणाऱ्या बायकांनी घरी जाऊन पाठ बघितली आणि बोंबलत परत आल्या."

"मॅनेजर काय म्हणतो?"

"म्हणतो, लिगायाने ओळखीच्यांचे फाटके कपडे मुद्दाम घेतले आणि त्यांना पैसे दिले."

"आणि तुम्ही?"

"माझ्याकडे आले तेव्हा तिन्ही धड होते. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मैत्रिणीसाठी खोटं बोलू नका. शनिवारी तो तिला काढणार आहे. एकोणीस वर्षं झाली तिला. लबाड म्हणून काढलेल्या बाईला या गावात पुन्हा काउंटरवर कोण उभं करील? रांगेतल्या गिऱ्हाइकांच्या देखत तो तिला बोलला. म्हणून तुम्हीही जे शोधाल ते सगळ्यांच्या देखत सांगायचं."

"कोणीही निघालं तरी?"

"कोणीही निघालं तरी."

रुनाने ड्रेस खिडकीशी नेला. काप सुतासारखा सरळ होता. एका बाजूला खडूची पुसट रेघ दिसत होती. कापलेल्या दोन्ही कडा बोटभर आत दुमडून त्यांवर इस्त्री फिरवलेली होती, आणि मानेजवळ चार बोटं बारीक धावदोरा घातलेला होता.

"ज्याने कापलं तो रागात नव्हता," ती म्हणाली.

"रागात नव्हता तर कापला कशाला?" एल्मरने विचारलं.

"तेच तर."

बोइकोबाई उठल्या. "मला कामावर जायला हवं. चारला सुटते. मग माझी बहीण वाट बघते, तिथे पाचला जेवायला वाढतात." कोट चढवताना त्यांनी एल्मरकडे पाहिलं. "तुमचं नाव काय म्हणालात?"

"एल्मर पेनर."

"पेनर. म्हणजे स्टाइनबाखकडचे."

"आजोबा तिकडचे."

दाराशी पोचल्यावर त्या वळल्या. "बघा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं."

एल्मरने ते पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. त्याला वाटलं, बाईंना कमी ऐकू येतं.

*

डनफील्डमधल्या परतीच्या काउंटरपुढे तीस-पस्तीस माणसांची रांग होती. लिगाया सोरियानो ही ठेंगणी, चष्मा कपाळावर सरकवलेली बाई एका गृहस्थाशी बोलत होती. त्याच्या काखेत प्लास्टिकचं नाताळचं झाड होतं.

"वापरलेलं नाही म्हणता?"

"खोक्यातून काढलंसुद्धा नाही."

"मग ही चमकी?"

"तशीच आली होती."

"आणि हा फांदीत अडकलेला केक?"

मागची रांग हसली. लिगाया मात्र हसली नाही. तिने झाड हळूच त्याच्या काखेत परत सरकवलं. "पुढच्या नाताळलाही हेच लावा साहेब. चांगलं झाड आहे."

पाच मिनिटांची सुट्टी मिळाल्यावर ती रुनासमोर येऊन बसली.

"आठवड्यात किती कपडे परत येतात?" रुनाने विचारलं.

"चारशे तरी. प्रत्येक टांगून पुढून-मागून बघते. हे तिन्ही धड होते. पण माझं कोण ऐकतं?"

"हाच ड्रेस दुसऱ्या रंगातही येतो?"

"काळा आहे, हिरवा आहे. ढिगाने परत येतात. त्यांना कोणी हात लावला नाही. कापले ते जांभळेच, तिन्ही अठराच्या मापाचे."

"परत करणारे ओळखीचे होते?"

"छे. एक तर बिचारा नवरा होता. बायकोने विचारलं होतं, मी तुला अठराची वाटते का? त्याला पैसे नकोच होते हो, त्याला लपायला जागा हवी होती."

एल्मर खो खो हसला. लिगायाही क्षणभर हसली आणि लगेच डोळे पुसू लागली.

"बोइकोबाई तुमच्यासाठी खोटं बोलतील?"

"आते? खोटं?" 'आते' म्हणजे तिच्या भाषेत थोरली बहीण; बाईंना ती तशीच हाक मारायची. "ती हल्ली खरंसुद्धा फार बोलत नाही. दुःखात माणूस गप्पच होतं. मान खाली घालून काम करते. चार वाजले की हातातलं असेल तसं टांगून निघते. पूर्वी शेवटचा टाका घातल्याशिवाय उठायची नाही."

मॅनेजर कर्टिस लाव्हॉय तरुण होता आणि घाईत होता.

"लिगाया गेली तर तुमचं काही नुकसान नाही," रुना म्हणाली.

"तिच्या पगारात मला दोन मुली मिळतात. पण म्हणून मी कात्री घेऊन फिरत नाही."

"शिवणखोलीच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"बाईंकडे आणि माझ्याकडे. माझी ड्रॉवरमध्ये पडून आहे. तळघरात मी जात नाही, तिथे काही विकलं जात नाही."

"बाईंचं काम कसं आहे?"

"तक्रार नाही. ऐन हंगामात, नोव्हेंबरात, आठवडाभर रजा घेतली तेवढंच. घरात कोणी वारलं होतं. तिथे मी काय बोलणार?"

*

चार वाजता बाहेर वारा सुटला होता. रुना म्हणाली, "एल्मर, बाईंना बहिणीकडे सोडून ये."

तासाभराने तो परत आला आणि हातमोजे चोळत सांगू लागला.

"गोड बाई आहे. सगळी वाट बहिणीबद्दलच बोलत होती. मारुस्या नाव, वृद्धाश्रमात असते. थोरली, अंगाने चांगली भरलेली. अर्धांगाचा झटका आल्यापासून हात वर जात नाहीत. डोक्यावरून कपडे घालायला गेलं की रडते म्हणे. तरी रंगाची हौस सुटलेली नाही, बाईंना म्हणते, मला म्हातारीचे रंग आणू नकोस. बाईंनी तिच्यासाठी डबाभर बटाट्याचे उकडलेले कानवले नेले होते. पण फेरी फुकट गेली बघ. दहा मिनिटांत परत आल्या. म्हणाल्या, झोपली होती."

"एकट्या आल्या?"

"नाही. वृद्धाश्रमातली नर्स खांद्यावर हात ठेवून गाडीपर्यंत आली होती."

"डबा?"

"डब्याचं काय? भरलेलाच होता."

"झोपलेल्या माणसासाठी आणलेला डबा उशाशी ठेवून येतात, एल्मर."

रुनाने वृद्धाश्रमाला फोन लावला. ती फार थोडं बोलली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग फोन ठेवून पाठ करून खिडकीशी उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी तिने डनफील्डमधून अठराच्या मापाचा एक जांभळा ड्रेस विकत घेतला. खिशाच्या आतल्या बाजूला हिरव्या दोऱ्याचा एक टाका घातला, ड्रेस चांगला चुरगळला आणि दुपारी लिगायाच्या काउंटरवर परत केला.

*

शनिवारी दुकान उघडायच्या आधी सगळे शिवणखोलीत जमले. कर्टिस खोक्यावर बसला, लिगाया दाराशी उभी राहिली, बोइकोबाई आपल्या मशीनमागे. भिंतीशी कपडे टांगलेला गाडा होता.

"बोइकोबाई, मी आधी तुम्हाला एकटीला सांगू का?" रुनाने विचारलं.

"ठरलंय ना आपलं? सगळ्यांच्या देखत."

रुनाने मान हलवली. ती नेहमीपेक्षा हळू बोलत होती.

"चारशे कपड्यांतले तीनच कापले गेले. दुकानावर राग असता तर कुठलाही कापला असता, लिगायाला अडकवायचं असतं तरी कुठलाही चालला असता. पण हवा होता तो एकच रंग आणि एकच माप. म्हणजे कापणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक माणूस होतं. अंगाने भरलेलं, जांभळ्याची हौस असलेलं."

"आणि म्हणून कपड्याची वाट लावायची?" कर्टिस म्हणाला.

"वाट लावलेलीच नाही. खडूने आखून कापलंय, कडा दुमडल्यात, धावदोरा घालायला सुरुवात केलीय. हे अर्धवट राहिलेलं काम आहे. ज्यांचे हात वर जात नाहीत त्यांचे कपडे पाठीकडून असेच उघडतात. समोरून बाह्या चढवायच्या आणि मागे टिचबटणं लावायची. मग कपडे घालताना माणूस रडत नाही."

एल्मरने टोपी काढून हातात घेतली.

"लिगाया म्हणते, तिने घेतले तेव्हा ड्रेस धड होते. बोइकोबाई म्हणतात, इस्त्रीला आले तेव्हाही धडच होते. कर्टिस, तुम्ही दोघींना खोटं ठरवलंत. मी दोघींना खरं धरलं. मग कापण्यासाठी एकच जागा उरते, ही खोली. तुमची किल्ली ड्रॉवरमध्ये असते, आणि असा सरळ काप तुमच्या हातून आला नसता."

तिने गाड्यावरून एक जांभळा ड्रेस काढला आणि खिसा उलटा केला. आत हिरवा टाका होता. "हा काल दुपारी मी परत केला. लिगायाने दोनदा तपासला, एल्मर साक्षीला होता. खाली आला तेव्हा धड होता." तिने ड्रेस फिरवला. पाठ उभी कापलेली होती. धावदोऱ्यात सुई अजून अडकलेली होती. "चार वाजले, आणि काम तसंच राहिलं."

बोइकोबाई उठून पुढे आल्या. त्यांनी सुई बोटांत धरली, टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"हे टाके माझे आहेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला आठवत नाही."

"माहीत आहे मला. तुम्ही खोटं बोलला नाहीत. सकाळी गाडा वर जायचा, आणि तुमच्या लेखी तो ड्रेस धडच असायचा."

बाईंनी कर्टिसकडे बघितलं. "म्हणजे लिगायाने काही केलेलं नाही. हे तू वर जाऊन, रांगेसमोर सांगायचं. आजच."

"सांगतो," कर्टिस म्हणाला. त्याने मान खाली घातली होती.

"आणि ड्रेसचं काय ते मी भरून देईन. मारुस्यासाठीच केलं ना मी? मग तिला..." त्या थांबल्या. लिगाया रडत होती. एल्मर टोपी फिरवत होता. बाईंनी एकेकाचा चेहरा पाहिला आणि शेवटी रुनाकडे वळल्या. "तुम्ही अजून सगळं सांगितलेलं नाही."

"नाही."

"सांगा."

"त्या नर्सने मला सांगितलं, पहिला आठवडा ती तुम्हाला रोज खरं सांगायची. रोज तुम्ही नव्याने रडायचात. मग तिने सांगणं सोडलं. आता चहा देते आणि परत पाठवते. मीही सांगितलं नसतं. पण लिगायाला सोडवायला दुसरा रस्ता मला सापडला नाही."

"मारुस्या गेली?"

"चौदा नोव्हेंबरला."

बाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. कापलेला ड्रेस मांडीवर घेतला आणि त्याच्या कडा जुळवू लागल्या.

"मी होते तिथे?"

हे रुनाने नर्सला विचारलेलंच नव्हतं. ती काही बोलणार तोच लिगाया पुढे आली आणि बाईंच्या पायाशी जमिनीवर बसली.

"होतीस, आते. दोन दिवस उठली नाहीस खुर्चीतून. मी संध्याकाळी आले तेव्हा तिचा हात धरून गाणं म्हणत होतीस."

"कुठलं?"

"मला तुझी भाषा कुठे येते गं?"

"नुसता सूर सांग."

लिगायाने डोळे मिटले. अडखळत, एका जागी पुन्हा मागे जाऊन, तिने एक चाल गुणगुणली. वर दुकानाचं दार उघडलं आणि सेलसाठी आलेल्या माणसांची पावलं छतावरून धडधडत गेली. कर्टिस जागचा हलला नाही.

"हे मारुस्या माझ्यासाठी म्हणायची," बोइकोबाई म्हणाल्या. "मी लहान होते तेव्हा. मी झोपायची नाही म्हणून." त्यांनी लिगायाचा हात घट्ट धरला. "परत म्हण. मी विसरायच्या आत."