तीन तासांचं काम

आधी ते मोबाइल उलटे ठेवा. उजेड नको. डोळ्यांना जरा अंधाराची सवय होऊ द्या, मग सांगतो.

हे कुणाच्या मामेभावाच्या मित्राला झालेलं नाही. ज्याला झालं तो माणूस माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे बसून मी चहा प्यायलोय. पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. डिसेंबरची एकोणीस तारीख, शुक्रवार.

त्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला एका मिस्त्रीने मोटारसायकलला किक मारली आणि तो शहरात निघाला. काम अगदी साधं. एका जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनाचं पुढचं झाकण उघडायचं होतं, त्याचं पॅकिंग आणायचं. गाडी त्याच्या धाकट्या भावाची. दीड वर्षं डोकं खाल्ल्यावर धाकटा एकदाचा कबूल झाला होता. "शुक्रवारी रात्री गाडी तुझ्या दारात लावतो, दादा. शनिवारी काय ते उघड, आणि मला सोड."

दीड वर्षं कशासाठी? एका पिनेसाठी.

त्या जुन्या इंजिनांमध्ये पुढच्या झाकणाआड गिअर असतात, एकमेकांत दात अडकवून फिरणारे. त्यांच्या अगदी वर, एका भोकात, पोलादाची एक पिन ठोकलेली असते. केवढी? पेन्सिलीचा उरलेला तुकडा असतो ना, तेवढी. इंजिन जुळवताना तिचं काम, नंतर काही नाही. नुसती बसून असते. पण इंजिन थरथरतं, वर्षानुवर्षं थरथरतं, आणि ती केसाकेसाने बाहेर सरकत राहते. आवाज नाही, धूर नाही, कसली खूण नाही. मग एके दिवशी ती सुटते आणि फिरत्या गिअरांत पडते. संपलं. दात तुटतात, इंजिन जागेवर बंद. स्टेअरिंग दगडासारखं जड, ब्रेकचा जोर गेलेला.

उपाय काय, तर बोटभर लांब लोखंडी पट्टी. शेजारच्या बोल्टखाली अडकवायची, म्हणजे भोकाचं तोंड झाकलं जातं आणि पिनेला बाहेर यायला वाट राहत नाही. झाकण काढून पुन्हा बसवेपर्यंत धरा, तीन तासांचं काम. मिस्त्री त्या पट्ट्या स्वतः कापायचा, कानशीने घासायचा आणि डब्यात भरून ठेवायचा. फुकट बसवून देतो म्हणायचा. तरी कुणी येत नसे.

"गाडी चालतेय ना व्यवस्थित?" लोक विचारायचे.

"चालतेय म्हणूनच सांगतोय!"

"मग चालत्या गाडीचं पोट कशाला फाडायचं?"

मिस्त्रीच्या डोक्याची शीर तटतटायची. मोडलेली गाडी दुरुस्त केली की माणूस हात जोडतो. मोडणार होती ती मोडू दिली नाही, तर काहीच झालं नाही म्हणतो! गावातल्या जुन्या पिकअपा त्याला तोंडपाठ होत्या. अकरा. अकरांच्याही मालकांच्या घरी जाऊन आला होता तो. एकाने तर बायकोला बाहेर पाठवलं, घरात नाही म्हणून सांगायला, आणि आतून स्वतःच खोकला. सगळे त्याला पिन मिस्त्री म्हणायला लागले. तो दिसला की रस्ता बदलायचे.

पण तो असा हात धुऊन मागे का लागला होता, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, तेही नंतर.

त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. एक गादीवाला होता. अशाच पिकअपमधून गाद्या पोचवायचा. हसरा माणूस. मिस्त्रीने त्याला चारदा सांगितलं, चारदा त्याने हसून उडवून लावलं. आणि मग एका मंगळवारी सकाळी तो आपण होऊन आला. गाडी दारात उभी केली, किल्ली पुढे धरली.

"मिस्त्री, काम किती वेळाचं आहे?"

हात रिकामे होते मिस्त्रीचे. पण राग डोक्यात होता. चारदा हसला होता ना हा! म्हणाला, "आज वेळ नाही. गुरुवारी ये."

बुधवारी रात्री डोंगरापलीकडच्या उतारावर गादीवाल्याच्या इंजिनात पिन पडली. तिसऱ्या वळणाला कठडा तोडून गाडी खाली गेली. दोन दिवस दरीतल्या झाडांवर गाद्या लटकत होत्या.

हं. तर शुक्रवार.

पॅकिंग लवकर मिळालं नाही. दुकानदाराने गोदामातून मागवलं, त्यात वेळ गेला. मिस्त्री परत आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. दारात गाडी नव्हती.

त्याने धाकट्याच्या घरी फोन लावला. धाकट्याच्या बायकोने उचलला.

"दादा, मी सांगत होते त्यांना. पण बेकरीवाल्याचा फोन आला, सकाळच्या आत अंडी हवीत म्हणून. नऊला गेले. तुम्ही रागावू नका हं..."

रागावू नका! मिस्त्रीने हातातलं पॅकिंग भिंतीवर भिरकावलं. मग धाकट्याला फोन.

"चढाला लागलोय दादा. वर हॉटेलात जेवतो आणि मग उतरतो. उद्या दुपारी गाडी तुझी, बास?"

"वरच थांब. किल्ली काढून खिशात ठेव. मी येतो."

"अरे, एवढीशी पिन ती! तू ना, तिच्याशीच लग्न करायला हवं होतंस."

फोन बंद. पुन्हा लावला, लागला नाही.

जेवणाचा डबा तसाच खुंटीवर ठेवून मिस्त्री निघाला. रस्ताभर धाकट्याला शिव्या घालत. लहानपणापासूनचा एकेक हिशेब आठवून आठवून शिव्या. थंडी कडक होती, बोटं क्लचवर वळत नव्हती. चंद्र उगवायला अजून वेळ होता. चढाच्या पायथ्याशी आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

पहिल्या वळणानंतर दिव्याच्या उजेडात एक माणूस दिसला. डाव्या कडेने चढत होता. राखाडी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. एवढ्या थंडीत! मिस्त्री त्याच्या बाजूने पुढे गेला. असेल कुणीतरी, म्हणाला मनात.

मैलभर पुढे गेल्यावर पुन्हा एक माणूस. डाव्या कडेने. राखाडी स्वेटर. बाह्या वर.

मिस्त्रीच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. त्याने गाडी जरा जोरात काढली. आरशात पाहिलं. आरशात नुसता अंधार.

आणखी दोन वळणं गेली.

पुन्हा तोच.

आता मात्र तो थांबला. का थांबला, त्यालाही सांगता येत नाही. पाय आपोआप खाली टेकले म्हणतो.

"कुठे जायचंय?" त्याने विचारलं.

माणसाने मान वळवली नाही. "उताराला."

"...बसा."

तो मागे बसला. बसला, पण गाडी दबली नाही. पोरांनो, मोटारसायकलवर मागे लहान मूल बसलं तरी कळतं. इथे काही नाही. फक्त पाठीला गार लागलं. ओल्या भिंतीला टेकल्यासारखं.

मिस्त्रीने गिअर टाकला. एक वळण गेलं. दुसरं गेलं.

मग कानाशी आवाज आला. शांत. चौकशी करावी तसा.

"मिस्त्री... काम किती वेळाचं आहे?"

मिस्त्रीने आवाज ओळखला. उत्तर द्यायचं नव्हतं त्याला. तरी तोंडातून आलं, "तीन तास."

"तीन तास..."

वारा नव्हता. इंजिनाचा आवाजही जणू लांबून येत होता.

"मग त्या दिवशी का नाही केलंत?"

...

काय सांगणार? वेळ नव्हता? होता. माणूस नव्हता? एकट्याचंच काम होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि समोरचा रस्ता धूसर होत होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

मागून काही नाही.

"ऐकताय ना? चुकलं..."

माथा आला. हॉटेलचा दिवा विझलेला. अंगणात पिकअप नव्हती. मिस्त्रीने मागे हात नेला. सीट रिकामी. आणि इतकी गार की हात चटकन मागे आला.

तेवढ्यात खालून आवाज आला. खडाक्... मग दळल्यासारखा करकर आवाज. मग काहीच नाही.

मिस्त्री कठड्याशी धावला. खाली, पहिलं वळण पार करून, एक पिकअप उतरत होती. दिवे चालू. इंजिनाचा आवाज बंद. नुसती टायरं वाजत होती. वेग वाढत होता. दुसरं वळण तिने कसंबसं घेतलं. पुढे सरळ उतार.

त्याच्या टोकाला तिसरं वळण.

"उडी मार!" मिस्त्री ओरडला. "अरे, उडी मार..." तिथवर आवाज कुठला जातोय.

दिवे वळणाकडे गेले. आणखी गेले.

आणि मंदावले.

मंदावले... आणखी... थांबले.

मिस्त्री मोटारसायकलने खाली कसा पोचला, त्याला आठवत नाही. बारा वाजून चार मिनिटं झाली होती, एवढं त्याने पाहिलं. धाकटा केबिनमध्ये बसून होता. दोन्ही हात स्टेअरिंगला घट्ट. मिस्त्रीने एकेक बोट सोडवलं.

"ब्रेक लागला?"

धाकट्याने मान हलवली. नाही.

"हँडब्रेक?"

सीटखाली बोट दाखवलं. तुटलेली वायर लोंबत होती.

"मग थांबवलीस कशी?"

"दादा... मी नाही थांबवली."

"समोर कोण होतं?"

"कुणी नाही. दिव्यात मोकळा रस्ता. पण गाडीचं नाक खाली बसलं, दादा. कुणी छाती लावून... रेटून धरल्यासारखं. आणि... धापा ऐकल्या मी. माझ्या नव्हत्या."

दोघांनी चाकांखाली दगड लावले आणि सकाळ होईपर्यंत कठड्यापाशी एकमेकांना चिकटून बसून राहिले.

सकाळी साडेसातला क्रेन आली. ती क्रेन मी चालवत होतो. म्हणून म्हणालो, ओळखीच्या माणसाचं आहे.

इंजिन उघडलं तेव्हाही मी होतो. गिअरांचे चार दात उडालेले, आणि तुकड्यांत ती पिन. मिस्त्रीने ती चिमटीत धरली आणि बराच वेळ बघत राहिला. धाकटा शेजारी उभा होता. "एवढीशी," तो म्हणाला, आणि हुंदका देऊन मटकन खाली बसला.

काय म्हणालीस? मग बाकीच्यांनी गाड्या आणल्या असतील? कुठल्या आणतायत, बाई! बातमी गावभर झाली. रात्रीच्या उतारावर गादीवाला उभा असतो, हे सगळ्यांना पटलं. लहानथोर, सगळ्यांना. आणि केलं काय, तर त्या दिवसापासून सगळे जण डोंगराला वळसा घालून जायला लागले. अठरा किलोमीटर जास्तीचे! भुतावर विश्वास बसला, पिनेवर नाही. मिस्त्रीने हे ऐकलं त्या दिवशी हातातला पाना त्याने विहिरीत टाकला. मग दुसऱ्या दिवशी नवा आणला आणि पुन्हा दारोदार फिरायला लागला. अकरांतल्या चार झाल्यात आतापर्यंत. पाचवीचा मालक महिनाभर "उद्या आणतो" म्हणतोय.

बाकी मला काही कळत नाही, आणि मी कुणाला समजावायलाही जात नाही. एवढंच सांगतो, त्या सकाळी क्रेनने मी पिकअप मागे ओढली. मागे, चढाच्या बाजूला. ती सरकली आणि खालचा रस्ता उघडा पडला. पक्कं डांबर. डिसेंबरच्या थंडीत पहारही उसळून येईल असं.

त्या डांबरात दोन चर होते. चाकांच्या रेषांच्या मधोमध, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, वरून खालपर्यंत ओढत आलेले. मी चालून मोजले, बेचाळीस पावलं भरली. बंपर जिथे होता त्याच्या जरासे पुढे ते संपत होते.

आणि संपत होते तिथे, डांबरात, दोन अनवाणी पावलं रुतलेली. टाचा दरीकडे. दहाही बोटं गाडीकडे.