यादीतली घरं

वारंगा फाट्यावर माझं विम्याचं ऑफिस आहे. एका बाजूला पंक्चरचं दुकान, दुसऱ्या बाजूला हॉटेल. २००४ च्या उन्हाळ्यात मी तिथं कॉम्प्युटर आणला. त्याआधी, थंडीत, माझी बायको संगिता वारली होती.

हप्त्यांचं सगळं तीच बघायची. कुणाचा कधी, हे तिच्या डोक्यात असायचं. तोंडानं ती कधी मागायची नाही. एसटीनं हप्ता थकलेल्याच्या गावाला जायची, ओसरीवर बसायची, पाणी मागून प्यायची आणि निघून यायची. लोक समजायचे आणि ऑफिसात येऊन हप्ता भरायचे. ती गेल्यावर पॉलिस्या बंद पडायला लागल्या. तिचं काम करील असा प्रोग्राम मला पाहिजे होता.

दोन पाहिले. पहिला नांदेडच्या उत्तमसिंगचा. इंग्रजी आणि महाग. त्यानं नमुन्याला एका ग्राहकाचं नाव भरलं आणि थकलेल्या हप्त्यांची यादी काढून दाखवली.

"बस, देविदासभाऊ. आता डोक्याला तकलीफ न्हाई. नुसतं नाव भरा."

दोन दिवसांनी तोच ग्राहक आला, शिरड शहापूरचा जळबा.

"काल बाई येऊन गेल्या," तो म्हणाला. "म्या म्हणलं चहा घ्या. न्हाई म्हणल्या. पाणी पेल्या अन् गेल्या. लई वाळल्या व्हय त्या?"

जळबा सहा महिने पुण्याकडं वीटभट्टीवर होता. त्याला काही माहीत नव्हतं. दुसरी कुणी बाई असेल, असं मला वाटलं. मी पावती दिली.

मग उत्तमसिंगनं नमुन्याला ठेवलेल्या त्याच प्रोग्रामात मी आमच्याच तांड्यातल्या मिराबाईचं नाव भरलं. संगिताला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती.

मिराबाई आली. हप्ता टेबलावर ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

"पावती घे," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. तिला एवढं सांगा, मी घरी एकटीच ऱ्हाते. माझ्याकडं धाडत जाऊ नका."

"कुणाला?"

"आता मलाच इचारता, भाऊ?"

ती उन्हातच चालत गेली.

दुसरा प्रोग्राम हिंगोलीच्या रामकिशनचा. मराठीत, निम्म्या किमतीत. त्यात मी बरीच नावं भरली. यादी स्वच्छ निघाली. आठवडाभर वाट पाहिली. कुणी आलं नाही.

मी उत्तमसिंगला फोन करून त्याचा प्रोग्राम घेतो म्हणालो. तो स्वतःच बुचकळ्यात पडला.

"मराठी येत न्हाई त्याला, महाग बी हाय. काहून घेऊन राहिले?"

"यादी बराबर निघते."

ज्या दिवशी तो पक्का बसवून गेला, त्या दिवशी मी माझं नाव भरलं. माझी स्वतःचीही पॉलिसी आहे आणि तिचा हप्ता मी मुद्दाम थकवला होता. लोकांच्या घरी ती जात होती. माझ्या घरी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं नाही. माठ धुऊन भरला. तांब्या घासला. दार सताड उघडं ठेवलं आणि आत, दारासमोर बाजेवर बसलो. लाइट गेली होती. बाहेर कोंबड्या फिरत होत्या, मग त्याही सावलीला गेल्या. तिला काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं. ती आली तर पुरे होतं.

कुणी आलं नाही.

डोळाही लागला नाही. ऊन दारातून आत आलं, भिंतीवर चढलं आणि गेलं. माठातलं पाणी होतं तेवढंच होतं.

दिवस कलल्यावर खिडकीत शेजारची बेबीबाई दिसली. गजाला धरून ती आत बघत होती.

"देविदासभाऊ, तुमी हितं?"

"हितंच हाय सकाळपासून."

तिनं मागं वळून रस्त्याकडं बघितलं.

"दुपारी संगितासंग बोलत बसलते ना तुमी? म्या ह्याच खिडकीतून बघितलं. मला आत यायचं धाडस झालं न्हाई."

"ती काय म्हणत होती?"

"ती कुठं बोलते? तुमीच बोलत व्हते. ती मान हलवून राहिली व्हती. मग दोघं उठले."

"दोघं?"

"व्हय. तुमी तिच्या मागं मागं गेले, रस्त्याकडं. म्या हाक मारली, तुमी वळले न्हाई." तिचा आवाज बारीक झाला. "वापस कवा आले?"

मी उठलो. सकाळी सताड उघडं ठेवलेलं दार बंद होतं. ओढून पाहिलं.

बाहेरून कडी लावलेली होती.