निळ्या दोऱ्याची गाठ

बुधवार, ८ डिसेंबर १९५४. मुलुंडला थंडी चांगलीच पडली होती. उन्हं वर आली तरी डोंगरावरचं धुकं हटायला तयार नव्हतं.

डॉक्टर मार्तंड प्रधानांनी प्रयोगशाळेचं दार उघडलं, तसा फॉर्मॅलिनचा ओळखीचा झोंबरा वास नाकात शिरला. पोटातले कॅन्सर आणि लिव्हरचे आजार हा त्यांचा अभ्यास. सध्या त्यांचा जीव एकाच बरणीत अडकला होता. भांडुपचा गिरणी कामगार गुणाजी काविळीने गेला, त्याचं लिव्हर तिच्यात होतं. हातभट्टीचा थेंबही न घेणाऱ्या माणसाचं लिव्हर असं आटून दगड का व्हावं, याचं उत्तर त्यांना हवं होतं.

एकाच जागी दोनदा कापलं जाऊ नये म्हणून, तुकडा काढला की त्या खाचेवर निळ्या दोऱ्याचा टाका घालून ठेवायचा, ही त्यांची पद्धत. आज दुसरा तुकडा काढायचा, म्हणून त्यांनी झाकण उघडलं.

खाच भरली होती. दोरा मांसात रुतून बसला होता.

"बरणी बदलली असेल, साहेब," मदतनीस सहदेव म्हणाला.

"बरणी बदलेल रे. गाठ माझीच आहे ना!"

जिवंत माणसाचं लिव्हर कापलं तर पुन्हा वाढतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण हे तर आठवडाभर फॉर्मॅलिनमध्ये बुडालेलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. भीती वाटायला त्यांना सवडच नव्हती.

तेवढ्यात दारात दोघं येऊन उभी राहिली. गुणाजीची बायको शेवंती आणि धाकटा दीर लवू. लवूचं धोतर ओलं होतं, डोक्याचं मुंडण झालेलं. आज दहावा.

"डॉक्टर, ह्यांचा कायतरी तुमच्याकडे रवलाहा," शेवंती म्हणाली.

लवूने मान खाली घातली. "चिरफाडीला सही मी दिली होती, वहिनी. काही काढून ठेवतील असं वाटलं नव्हतं."

"पोरांचा बघू म्हटलंय, म्हातारीक सांभाळू म्हटलंय. कावळो पिंडाजवळ येता नि परत जाता. दर्भाचो कावळो करून मी ह्यांका फसवूचंय नाय."

डॉक्टरांनी बरणी जवळ ओढली. बरणी दिली तर जगात कुणी न पाहिलेली गोष्ट हातची जाणार होती. पण ती बाई रडत नव्हती, नुसती बरणीकडे बघत होती. शेवटी त्यांनी लिव्हर धुऊन फडक्यात बांधलं. सहदेवला रिकामी बरणी पालथी घालायला सांगितलं. दोघांची पाठ वळली, तशी पहिल्या तुकड्याची काचपट्टी त्यांनी हळूच कोटाच्या खिशात टाकली. दोन काचांमधला कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप. एवढ्याने कुणाचं काय अडणार होतं?

डॉक्टरही त्यांच्यासोबत भांडुपच्या घाटावर गेले. तिथे शेणींच्या निखाऱ्यांवर फडकं ठेवलं. डोळ्यांतून पाणी काढणारा धूर उठला. निळा दोरा जळून त्याची राख झालेली डॉक्टरांनी स्वतः पाहिली.

कावळा उतरला. पिंडाला वळसा घालून तो उड्या मारत डॉक्टरांच्या पायाशी आला. मान तिरकी करून खिशाकडे बघत राहिला.

"डॉक्टर... सगळा दिलात मां?"

"हो," ते म्हणाले. त्यांचा हात खिशावर गेला. काच कोमट लागली.

"मग मी बसतंय. तो शिवल्याबिगर उठूचंय नाय."

उन्हं कलली. लवूने दोनदा विनवलं. भटजी निघून गेले. ती हलली नाही. कावळाही हलला नाही. घरी जायला डॉक्टरांना कुणी अडवलं नव्हतं, तरी त्यांचे पाय निघेनात. खिशात काहीतरी ओलं लागत होतं...

त्यांनी काचपट्टी बाहेर काढली. वरची पातळ काच तडकून उचलली गेली होती. खालचा काप चिंचोक्याएवढा फुगला होता. प्रयोगशाळेतल्या रंगवलेल्या कापांसारखा गुलाबी नव्हता. तांबडा होता, ताजा.

"हे राहिलं होतं," ते पुटपुटले.

शेवंतीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काच घेऊन तिने निखाऱ्यांवर ठेवली. चर्रकन आवाज झाला.

कावळा वळला आणि त्याने पिंडाला चोच मारली. शेवंतीने तोंडावर पदर घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

गुरुवारी सकाळीही धुकं होतं. डॉक्टरांनी पालथी घातलेली बरणी उचलली. आत निळा दोरा होता. गाठ त्यांचीच होती. गाठीत अडकलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता. दुपारी तो सुपारीएवढा झाला.