मोठ्या सिस्टरांची शेवटची परीक्षा

मिशनच्या इस्पितळाला जोडून नर्सिंगची शाळा होती आणि तिथं मोठ्या सिस्टरांनी सगळी हयात घालवली होती. डॉक्टरसुद्धा त्या दिसल्या की खिशातले हात बाहेर काढत. शेवटच्या दुखण्यात त्यांनी प्रिन्सिपल सिस्टरांना बजावून ठेवलं होतं, "मी गेले की मला आंघोळ घालून तयार करायचं ते त्या एक्सप्रेसनं. एकटीनं. तेच तिचं प्रॅक्टिकल."

एक्सप्रेस म्हणजे शेवटच्या वर्षाची एक मुलगी. हाताला गुण होता, पण घाई अशी की पेशंटला काय चाललंय ते कळायच्या आत त्याचे कपडे बदललेले असत. त्यापायी मोठ्या सिस्टरांनी तिला आधीच दोनदा नापास केलं होतं. आता पुन्हा नापास झाली, तर होस्टेल सोडून काकूच्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करत बसायचं होतं, आणि तिला तर नर्स होण्यावाचून दुसरं काही सुचत नव्हतं. ती घाबरली होती. बाई मेल्यावरही पिच्छा सोडत नाहीत म्हणून चिडलीही होती.

खोलीत सकाळचं स्वच्छ ऊन होतं. साबणाचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता. प्रिन्सिपल सिस्टर भिंतीशी स्टुलावर बसल्या आणि जपमाळ ओढू लागल्या.

तोंड, हात, पाय भराभर पुसून झाले. मग पाठ पुसायला तिनं देह कुशीवर वळवायला घेतला, तर तो हलेना. दुखण्यानं म्हातारीची नुसती हाडं उरली होती, तरी ती पलंगाला खिळल्यासारखी जागची ढळेना. पोरीला घाम फुटला.

"काही विसरलीस?" प्रिन्सिपल सिस्टरांनी विचारलं.

शाळेतला पहिलाच धडा ती विसरली होती. सांगितल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, आणि तो नको म्हणाला की हात मागे घ्यायचा. मेलेला माणूसही पेशंटच.

"सिस्टर, तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते हं..."

देह वळला. तिनं जेमतेम हात लावला होता. शुद्धीवरचा पेशंट आपला भार आपण उचलतो ना, तसा तो वळला. तिनं चमकून प्रिन्सिपल सिस्टरांकडे पाहिलं. त्या मान खाली घालून जप करत होत्या.

त्यानंतर तिनं एकही गोष्ट न सांगता केली नाही. पाठ पुसते. झगा घालते. हात छातीवर ठेवते. काम सरळ होत गेलं.

"सिस्टर, आता तोंड झाकते."

चादर हनुवटीपर्यंत आली आणि अडली. छातीवरच्या उजव्या हातानं तिचा काठ धरला होता.

बाहेर शवपेटी घेऊन आलेली माणसं खोळंबली होती. कुणीतरी दार वाजवलं. एक हिसका दिला असता तर काम फत्ते झालं असतं. पोरीनं दोन्ही हात मागे घेतले.

"सिस्टर... पेशंट नको म्हणतोय."

"मग?"

"मग मी थांबते." गेली परीक्षा, तिला वाटलं, आणि रडू आलं.

प्रिन्सिपल सिस्टर उठल्या. पलंगाशी वाकून, रोजचंच काही विचारावं तशा त्या मृतेच्या कानाशी म्हणाल्या, "सिस्टर, पोरीला पास करू ना?"

बोटं एकेक करून सैल झाली. करंगळी तेवढी तशीच राहिली.

"घाई फार करते म्हणतायत."

"कमी करीन, सिस्टर... खरंच."

करंगळी सुटली. पोरीनं चादर वर ओढली, नीट केली आणि सामान उचललं. दारापाशी पोचेपर्यंत तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. मैत्रिणींना कधी एकदा सांगते असं तिला झालं आणि तिची पावलं पळू लागली.

प्रिन्सिपल सिस्टरही तिच्या मागोमाग बाहेर पडल्या. मागं, बंद होणाऱ्या दाराआड, पलंगाच्या लोखंडावर कुणीतरी दोनदा टिचकी मारली.

"हळू चाल," प्रिन्सिपल सिस्टर मागं न बघता म्हणाल्या. त्यांचीही पावलं मंदावली होती.