सातवा व्हिडिओ

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मावसभाऊ आहे, गुरुप्रसाद, आणि तो अजून त्याच दुकानात बसतो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. कुणाला घाबरवायची मला हौस नाही.

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या मागच्या बोळात गुरूचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. भुताखेताचं नाव काढलं की हा फिदीफिदी हसणार. "मेल्या, माझ्याकडे येतात ती भुतं सगळी व्हायरसची," असं म्हणायचा.

गेल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी तीन वाजता ते हसू गेलं. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. बाहेर रिक्षावाले पार्किंगवरून भांडत होते.

मालगुंडहून मृणाली आली होती. पिशवीत नवऱ्याचा लॅपटॉप. नवरा दर्शन, गुरूचा शाळासोबती, मालवाहू जहाजावर होता. वर्षापूर्वी भर समुद्रात डेकवरून पडला. शरीर मिळालंच नाही. फोनही त्याच्याबरोबरच गेला. मागे राहिली ही, सासू आनंदीबाई आणि लहानगी आरोही.

"दादा, शेवटच्या सुट्टीत ह्यांनी आरोहीबरोबरचे व्हिडिओ काढून ह्यात ठेवलेत. पोरीला बापाचा आवाज कसा तो ठाऊक नाय. तेवढे काढून द्या."

"वहिनी, वर्षभर कुठे होता हा?"

"माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत. सासूबाई म्हणाल्या, वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्याच्या वस्तूला हात लावायचा नाय. काल श्राद्ध झालं, आज घेऊन आले."

गुरूने कपाळाला हात लावला.

कारण त्या लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवाली नवी डिस्क, त्यानेच बसवली होती. "आत फिरणारं काही नाही, आवाज नाही, आपटली तरी चालते, दहा सेकंदांत लॅपटॉप सुरू," असं दर्शनला छातीठोक सांगून. एकच गोष्ट सांगायची राहिली. अशी एसएसडी, त्यातून स्वस्तातली, विजेशिवाय महिनोन्महिने उकाड्यात पडली तर आतलं हळूहळू विरून जाऊ शकतं. जुनी हार्ड डिस्क वर्षभर पेटीत खुशाल पडून राहिली असती.

त्याने एसएसडी बाहेर काढली आणि दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली. विंडोज म्हणे, ही वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? मग दुसऱ्या, लिनक्सवाल्या मशीनला लावली. तासाभराने यादी आली. फाइली चारशेच्या वर. त्यातले धड उरलेले व्हिडिओ... सात.

पहिला लावला.

ओटीवर दर्शन उभा, मागे झोपाळा. आरोहीला दोन्ही हातांनी वर उचलून म्हणतो, "कोण आलंय? बाबा आलाय!" मृणालीने ओढणी तोंडात कोंबली आणि रडायला लागली. गुरूलाही बरं वाटलं. चला, मिळालं म्हणायचं काहीतरी.

व्हिडिओ संपला आणि...

टक.

कुणी आतून पत्र्यावर बोट वाजवावं तसा आवाज. टेबलावरच्या एसएसडीतून.

आत फिरणारं काहीच नसताना.

"परत लावा ना, दादा."

त्याने परत लावला.

ओटी तीच. झोपाळा तोच. आरोही हवेत... जमिनीपासून चार हात वर, खिदळतेय. तिला धरणारं कुणीच नाही. मागून मृणालीचा आवाज येतो, "अहो, पुरे आता, पाडाल तिला."

उत्तर येत नाही.

गुरूने आजवर बिघडलेल्या फाइली ढिगाने पाहिल्यात. चित्र थिजतं, हिरवे चौकोन येतात, आवाज फाटतो. पण एक माणूस तेवढा जातो आणि बाकी सगळं जागच्या जागी राहतं? असं होत नाही हो! कसं होईल?

दुसरा व्हिडिओ त्याने उघडलाच नाही. नुसता कॉपी केला.

टक.

कॉपी उघडली, मग मूळ उघडला. दोन्हींत दर्शन नाही.

"वहिनी, थांबू या. एकदा वाचला की जातोय तो."

"आणि नाय वाचला तर?"

"तर राहील. वीज देत राहायची, हात लावायचा नाही."

मृणालीने खुर्ची पडद्याजवळ ओढली. म्हणाली, "एकदा एकदा बघू दे मला."

चार व्हिडिओ तिने पाहिले. एकेकदाच, पापणी न लववता. टक... टक... टक... टक. गुरूला मान वर करवेना.

सातव्याला तिने त्याचा हात धरला. "हा आरोहीचा. तिला समज आली की दाखवू."

त्या दिवसापासून ती एसएसडी त्या मशीनला जोडलेली. इन्व्हर्टर वेगळा. त्या मशीनवर दुसरं काम बंद. महिन्यातून एकदा मृणाली पोरीला घेऊन एसटीने यायची, मशीनवर अबोलीचं फूल ठेवायची.

"आहेत ना हे?"

"आहेत, वहिनी."

गणपती झाले आणि एका सकाळी गुरूने शटर वर केलं. मशीन आपोआप अपडेट होऊन पुन्हा सुरू झालं होतं. पडद्यावर तो फोल्डर उघडा. आता असे फोल्डर उघडले की मशीन स्वतःच प्रत्येक फाइलमध्ये डोकावून तिचं छोटं चित्र तयार करतं. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर होतं ते. हे बंद करायचं गुरूच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढा जाणकार माणूस, आणि एवढी साधी गोष्ट!

तो वायरीकडे धावला...

टक.

पडद्यावर सातव्या व्हिडिओचं पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. ओटी, झोपाळा, हवेत पोर.

खाली कुणी नाही.

दिवाळीत मृणाली आली. तिने विचारलं, ह्याने सांगितलं, "आहेत." मी त्याला फैलावर घेतलं. "अरे, सांगून टाक. किती दिवस फसवणार आहेस तिला?"

"तू सांगतोस?" तो म्हणाला.

माझी छाती झाली नाही.

गेल्या रविवारी गुरू माझ्याकडे आला. चहा समोर तसाच. तोंड एवढंसं झालेलं.

"मृणालीचा फोन होता. विचारत होती... 'दादा, ह्यांना मिशी होती की नव्हती?'"

"असं काय विचारते? घरी हार घातलेला फोटो असेल की."

"मीही तेच म्हटलं."

"मग?"

"म्हणाली... फ्रेम आहे, हार आहे."

गुरूने चहाचा कप बाजूला सारला. म्हणाला, "मला तर शाळेतला दर्शनही डोळ्यांसमोर येत नाही रे. त्याच्या लग्नाला तू आला होतास ना? तुला आठवतो?"

गेलो होतो की. मांडव आठवतो. पंगतीतलं सोलकढीचं भांडं आठवतं. मृणालीच्या मुंडावळ्यासुद्धा आठवतात.

तिच्या शेजारच्या पाटावर कोण बसलं होतं, ते मी रविवारपासून आठवतोय.