वटवाघळांच्या तीन पेट्या

"ओ शिडीवाले… थांबा जरा."

जगदेव थांबला. खांद्यावर शिडी, हातात हत्यारांची पिशवी. शिरपूरच्या बाजाराच्या टोकाला ज्ञानचंद शेठचं धान्याचं गोदाम, आणि त्याच्या भिंतीशी उकिडवी बसलेली एक तरणी पोरगी. तिच्या ओंजळीत पळसाचं पान होतं, पानावर अंगठ्याएवढा जीव थरथरत होता.

"वटवाघळाचं पिलू हाय," ती म्हणाली. "काल सांजीले कोनं तरी आत मिरच्यायचा धूर केला. मोठे उडून गेले, पिलं पडले. हे एकच जित्तं सापडलं. वर वळचणीले ठिवून द्या न… याची माय आली तं नेईन."

तो धूर जगदेवनंच केला होता.

शेठ जैन माणूस. छपराच्या फळ्या बदलायचं काम देताना त्यांनी बजावलं होतं, "पिलं उडेपर्यंत आढ्याला हात लावू नको, मिस्त्री. एकही जीव जाता कामा नये." पण जगदेवला घाई. पुढची कामं खोळंबलेली. शेठ चार दिवस परगावी गेले तसे त्यानं घमेल्यात निखारे घेतले आणि वर मूठभर मिरच्या टाकल्या. आया पिलांना घेऊन उडतील, असं त्याला वाटलं होतं.

तो शिडी लावून वर चढला. पिलू वळचणीला ठेवून खाली आला.

"तुमचे डोळे काहून लाल झाले?"

"अजून… धूर हाय आत."

"लई हळवे दिसता, मिस्त्री."

ती हसली. कडुलिंबाचा मोहर तिच्या केसांवर गळून बसला होता. एरवी जगदेवनं ते डोळे भरून पाहिलं असतं. त्या दिवशी त्याला मानच वर करता येईना.

तिचं नाव भागिरथा. ग्यानबाची लेक. गोदामामागं त्यांची अडीच एकर तूर. गोदामातली वटवाघळं तुरीवरचे किडे-पतंग खायची आणि त्यांच्या लेंड्या झाडून भागिरथा शेतात खत म्हणून टाकायची. त्यामुळं तिचा त्यांच्यावर जीव.

शेठ परतले. त्यांनी गोदामाचा म्हातारा राखणदार खेमा याला कामावरून काढलं. तो चिलीम ओढायचा, तेव्हा निखारा त्याचाच असणार, असं सगळ्या गावानं ठरवलं. जगदेवनं ऐकलं. आज सांगू, उद्या सांगू… असं करत तो गप्प राहिला. गप्प राहणं हे चिखलासारखं असतं. पाय एकदा रुतला की दुसऱ्या दिवशी अजून खोल जातो.

एक दिवस भागिरथाच त्याला शोधत आली.

"शेठच्या दुकानावर पाटी हाय न, त्या पाटीमागं दोन वटवाघळं घुसून राह्यले. बोटभर फट पुरते त्यायले. तुमी फळीमागं फळी ठोकून पेटी कराल? खालून उघडी?"

"करतो."

"मजुरी काय घ्याल?"

"काही नाई."

"अशानं पोट कसं भरन तुमचं?" ती म्हणाली, पण तिचे डोळे वेगळंच काही म्हणत होते… आणि जगदेवला ते सहन होईना.

त्यानं तीन पेट्या केल्या. तुरीच्या बांधावर उंच खांब रोवले आणि सकाळचं ऊन लागावं म्हणून पेट्यांची तोंडं उगवतीला केली. महिना गेला, एकही वटवाघूळ फिरकलं नाही. शेवटी भागिरथा स्वतः शिडीवर चढली, पेटीत हात घातला आणि वरूनच हसायला लागली.

"अवं मिस्त्री, आतून बी रंधा मारला? इथं तं मुंगी बी घसरन. हे वटवाघळं लटकतीन कायले धरून?"

जगदेव कानापर्यंत लाल झाला. तो जन्माचा सुतार नव्हता. रिसोडच्या आरा मशीनवर शिकलेला. लोक त्याच्या कामावर बोट फिरवून बघायचे, कुठं लाकडाची कूस टोचते का. म्हणून तो आतबाहेर सगळंच गुळगुळीत करायचा.

पेट्या खाली उतरल्या. पटाशीनं त्यानं आतल्या फळ्यांवर आडव्या खाचा पाडल्या. फळी तिनं धरली.

"माहं बोट नको कापू."

ती 'तुमी'वरून 'तू'वर कधी आली, दोघांनाही कळलं नाही.

"मंग हात सरकव न."

"तूच पाहून मार. तुही नजर कुठं हाय?"

तूर गुडघ्याला लागली तेव्हा एका सांजेला पेटीखालून एक काळा ठिपका निसटला. मग दुसरा. जगदेवनं अकरा मोजले. भागिरथानं नकळत त्याचं मनगट धरलं.

"तुह्यासारखा मानूस नाई पाह्यला मी," ती हळूच म्हणाली. "पाप कोनाचं, अन् निस्तरून कोन राह्यलं. त्या खेमाच्या तं मी दारात गेली होती. त्याच्या बायकोसमोर त्याले शिव्या देल्ल्या."

जगदेवनं मनगट सोडवून घेतलं.

"भागिरथा… तो धूर मी केला."

भागिरथानं वर पेटीकडं पाहिलं.

"अन् ह्या पेट्या?"

"पहिली लाजेनं केली."

"दुसरी?"

"ते बी लाजेनंच."

"अन् तिसरी?"

"तिसरी… तू परत बोलशील म्हनून."

ती हसली नाही. पदर खोचला आणि घराकडं गेली.

रात्रभर जगदेवचा डोळा लागला नाही. सकाळी दार उघडलं तर ती समोर उभी. डोळे सुजलेले.

"खेमाकाकाकडं चाल."

"मी जाऊनच राह्यलो. एकटा जातो. माही चूक हाय."

"धूर तुहा, शिव्या माह्या. मले काय कमी लाज वाटून राह्यली? त्या माउलीच्या तोंडावर बोलली मी."

"आज बाजार हाय, भागिरथा. दोघायले संगं पाहून लोकं बोलतीन."

"काय बोलतीन?"

जगदेव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"बोल न. खोटं बोलतीन का?"

"…नाई."

"मंग चाल. पहिले खेमाकाका, मंग शेठ. त्यायच्या हातून तुहं काम गेलं तं जाऊ दे. अन् मंग माह्या बाबाले इचारजो. पन आजचं उरकल्याबिगर नाई."

दोघं निघाले. ती दोन पावलं मागं, तो मान खाली घालून पुढं. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, भज्यांचा वास… आणि सगळ्यांच्या नजरा. चौकात कोणीतरी हाक मारली, "जय भीम, मिस्त्री. हे जोडी कुठं निघाली म्हनावं?"

जगदेव थांबला. त्यानं मान वर केली. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"जय भीम. खेमाकाकाची माफी मांगाले. गोदामात धूर मी केला होता."

भागिरथानं ती दोन पावलं भरून काढली आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागली.