फाटकाकडून दाराकडे

खचलेली काँक्रीटची लादी वर येताना कधी बघितली आहे? नसेल, तर तुम्ही आयुष्यात काहीच बघितलं नाही असं मी म्हणेन. आणि माझा धाकटा दीर लगेच म्हणेल, "वहिनी, तुम्ही आधी एखादा सिनेमा बघून या." त्याला हसू दे. चार माणसांनी जोर लावला तरी हलणार नाही अशी लादी असते. तिला बोटाएवढं भोक पाडायचं, त्यात नळी बसवायची आणि त्या नळीला जोडलेल्या बंदुकीचा चाप ओढायचा. दोन पातळ रसायनं आत एकमेकांना भेटली की फसफसून त्यांचा फोम होतो. तो फुगतो, खालची पोकळी भरून काढतो आणि जागा संपली की लादीलाच वर ढकलतो. थोडी करकर होते आणि लादी उठते! इतकी वर्षं हेच काम करतेय, तरी दर वेळी माझ्या तोंडून "आली, आली, आली!" निघतंच. दिराला या धंद्यात सगळे फुगा म्हणतात. पंप तो सांभाळतो, बंदूक माझ्या हातात.

त्या दिवशीचं काम मात्र घरचं होतं. माझी थोरली बहीण स्वतःच्याच फाटकाजवळ पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं, आणि त्या दुपारी ती चाकाच्या खुर्चीतून घरी येणार होती. डॉक्टरांनी दाजींना बजावून सांगितलं होतं, खुर्चीला एक धक्कासुद्धा बसता कामा नये. हाड परत सरकलं तर ताई पुन्हा पायावर उभी राहायची नाही. आणि फाटकापासून दारापर्यंतची वाट कशी, तर म्हाताऱ्याच्या दातांसारखी. एक लादी वर, एक खाली.

"होईल ना गं तोपर्यंत?" दाजींनी सकाळपासून हे कितव्यांदा तरी विचारलं.

"दाजी, तुम्ही फाटकात उभे राहा आणि अँब्युलन्सची वाट बघा. आमच्या पायात पायात येऊ नका."

बिचारे गेले. मला वाईट वाटलं, पण मी खुशीत होते. ताई घरी येणार आणि तिची वाट मी करून देणार, याहून मोठं काम मला कोण देणार होतं?

तेवढ्यात ताईचाच फोन आला. लाद्यांचं काम काढलंय हे तिला सांगितलं. तर म्हणाली, "अगं, एक सांगू? मी अडखळले नव्हते. माझ्या मागे कोणीतरी त्याच लादीवर पाय ठेवला. लादी कलली. वळून बघायच्या आत मी खाली."

"ताई, त्या गोळ्यांनी डोकं गरगरतं तुझं."

"गरगरतं गं. पण मागे कोणी येऊन उभं राहिलं तर माणसाला कळतं की नाही?"

मी हसण्यावारी नेलं. ताईला लहानपणापासून तिखटमीठ लावून सांगायची सवय.

आम्ही काम नेहमी फाटकाकडून सुरू करतो. कारण अगदी साधं आहे. रसायनांची पिंपं गाडीत, गाडी रस्त्यावर, नळी तिथून जवळ पडते; चाकांवरचा छोटा पंप आमच्याबरोबर पुढे सरकतो. या धंद्यात सगळेच असं करतात. पहिली लादी मी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितली. खाली भरीव असेल तर ठक्क वाजतं, पोकळ असेल तर ढब. ही चांगलीच ढब वाजली. भोक पाडलं, नळी बसवली, चाप ओढला.

"आली, आली, आली!"

फाटकाकडची कड लोण्यातून सुरी यावी तशी वर आली. घराकडचा कोपरा मात्र जिथल्या तिथे.

पंपावर वाकलेला फुगा मान वर न करताच ओरडला, "वहिनी, उतरा की लादीवरून! तुमचं वजन काय कमी आहे?"

"मी तुझ्या शेजारी उभी आहे रे शहाण्या! डोळे कुठे गहाण टाकलेस?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग लादीकडे. लादी उचलताना तिच्यावर कोणीही उभं राहायचं नाही, हा आमचा पहिला नियम. एका माणसाच्या वजनानेही कोपरा दबून राहतो. लादीवर कोणी नव्हतं. लादी सपाट आहे का, हे बघायला मी लेव्हल ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा मध्ये न थांबता जरासा डावीकडे गेला, मग जरासा उजवीकडे, परत डावीकडे. रांगेत ताटकळलेला माणूस या पायावरून त्या पायावर भार देतो ना, तसं.

मी त्या कोपऱ्यात आणखी एक भोक पाडून फोम मारला. कोपरा एकदम उसळून वर आला. आणि त्याच क्षणी पुढची लादी, जिला आम्ही हातही लावला नव्हता, टक् करून बोटभर खाली गेली.

"पाणी!" मी ओरडलेच. "फुग्या, खाली पाणी साठलंय! फोमने ढकललं की पुढे सरकतंय!"

"पाणी," फुगा म्हणाला. त्याला पटलं नव्हतं, पण माझ्यापुढे बोलणार कोण?

मला तर जोरच चढला. अशी लपाछपी कधी खेळले नव्हते. दुसऱ्या लादीलाही तेच. कड वर, कोपरा खाली, बुडबुडा डावीउजवीकडे. फोम मारला की कोपरा मोकळा आणि पुढची लादी टक्. "पळ, पळ! पळून पळून जाशील कुठे?" मी हसत हसत ओरडत होते. घामाने डोळे चुरचुरत होते, हातमोज्यांवर फोम वाळून कडक झाला होता, आणि मागे वाट कशी सरळ होत चालली होती, आहाहा! फाटकातून दाजी टाळ्या वाजवत होते.

दिवसभर ज्याचं तोंड बंद नसतं तो फुगा मात्र नुसता पंप चालू, पंप बंद, एवढंच करत होता. दर वेळी लादी टक् वाजली की तो एक पाऊल मागे जायचा.

दारापुढची शेवटची लादी उरली. ती आता उंबऱ्यापेक्षा चांगली वीतभर खाली होती. मी भोक पाडायला घेतलं. ड्रिलबरोबर खालची माती वर आली. कोरडी, पिठासारखी. मी भोकात तार घालून बघितली. तारही कोरडीच निघाली.

"वहिनी, पाणी नाही."

"दिसतंय मला."

"मग इतका वेळ आपण काय ढकलत आणलं?"

मी तार पुन्हा भोकात खुपसून बघितली.

फुगा हळू आवाजात म्हणाला, "आपण दाराकडून सुरुवात करायला हवी होती. म्हणजे ते फाटकातून बाहेर गेलं असतं."

"ते म्हणजे काय?"

त्याने पंपावरचा हात काढून घेतला. "ही एक लादी राहू द्या. इथेच थांबू."

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला आणि दाजी आनंदाने ओरडले, "आली! आली गं, आली!"

मी उंबऱ्याकडे बघितलं, लादीकडे बघितलं. ताईची खुर्ची त्या खड्ड्यात आदळणार. बरं, चौघांनी खुर्ची उचलून नेऊ म्हणावं, तर एकाचा जरी हात सुटला तरी संपलं. आता खरं सांगते, मला भीती वाटत होती.

"पंप चालू कर."

"वहिनी, ऐका माझं."

"माझी बहीण आहे ती, फुग्या. चालू कर."

त्याने चालू केला. मी चाप ओढला.

लादी हलेना.

बुडबुडा डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.

मी चाप सोडला नाही.

मग लादी एका दमात वर आली. उंबऱ्याला टेकली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

"आली," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

उघड्या दारातून आतल्या लाकडी जमिनीची एक फळी करकरली. मग तिच्या पलीकडची.

दाजी फाटकात होते. फुगा माझ्याशेजारी. घरात कोणी नव्हतं.

मी धावत आत गेले. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, ताईची झोपायची खोली, सगळीकडे बघितलं. कोणी नाही. सगळं जिथल्या तिथे. मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या आणि बाहेर आले.

आणि ताई आली! खुर्ची फाटकातून दारापर्यंत अशी आली की तिच्या मांडीवरच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही. "अगं, काय वाट केलीस गं!" ताई म्हणत होती आणि हसत होती. दाजी रडत होते. मीही रडले, खोटं कशाला बोलू? त्या घटकेला मी सगळं विसरले होते.

खुर्ची ढकलत आणणाऱ्या माणसांनी तिला अलगद पलंगावर निजवलं. दाजी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. मी बाहेर विसरलेली लेव्हल घेऊन परत आले आणि तिच्या खोलीच्या दारातच थांबले. ताईने डोळे मिटले होते. चेहरा कसा शांत दिसत होता.

"आलीस?" ती डोळे न उघडता म्हणाली. "दमली असशील. बस ना."

आणि खुब्याला जपत, हळूहळू, तिने भिंतीकडे सरकून जागा करून दिली.

मी दारात होते. तिच्या गुडघ्याजवळची गादी खाली गेली.